घरातलं गाणं: वायर कुठे ओढायची, वायफाय कुठे पुरतं

विलंबित ख्याल रंगात आलेला असतो, गायिका समेकडे निघालेली असते, आणि आवाज बंद पडतो. पडद्यावर गोल चाक फिरत राहतं. चार-पाच सेकंदांनी गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. एकही मात्रा गाळलेली नसते, पण ऐकणाऱ्याच्या मनातली लय सुटलेली असते.

आमच्या घरी हे दोन वर्षं चाललं होतं. घर रत्नागिरीचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. फायबरची तार ओटीवरून आत आली म्हणून राउटर ओटीच्या कोपऱ्यात बसला, आणि गाणं ऐकायची खोली पडली माजघराच्या पलीकडे. मध्ये दोन जाड भिंती. मी दोनदा इंटरनेटचा प्लॅन वाढवला, जास्त वेगाचे पैसे भरले, फरक शून्य. शेवटी अठरा मीटर वायर ओढली आणि त्या दिवसापासून गाणं थांबलेलं नाही. त्या दोन वर्षांत जे शिकायला लागलं, ते नुकताच नेटवर्क स्पीकर किंवा स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणं ओढून तुमच्या ध्वनियंत्रणेला देणारा डबा) घेतलेल्या माणसाला एका बैठकीत कळावं म्हणून हा लेख.

आधी ब्लूटूथ आणि वायफाय वेगळे करू

नवख्या माणसाचा पहिला घोळ इथे होतो. दोन्हींना वायर नाही म्हणून दोन्ही एकच वाटतात, पण गाण्याचा रस्ता वेगळा आहे. ब्लूटूथवर गाणं आधी फोनमध्ये येतं, तिथे ते पुन्हा एकदा दाबून लहान केलं जातं आणि मग स्पीकरकडे जातं. फोन वाजला की गाणं थांबतं, फोन घेऊन अंगणात गेलात की गाणं तुटतं. वायफाय स्पीकर किंवा स्ट्रीमर मात्र स्वतःच राउटरकडून गाणं ओढून घेतो. बहुतेक वेळा फोन हा फक्त रिमोट असतो. तो खिशात घालून तुम्ही बाजारात गेलात तरी घरात गाणं चालू राहतं. (फोनमधूनच आवाज पाठवण्याचे काही प्रकार वायफायवरही आहेत, तिथे फोन घरातच लागतो.)

तुमचा त्रास ब्लूटूथचा असेल, तर राउटर हलवून किंवा वायर ओढून तो जाणार नाही. आधी ते तपासा.

गाण्याला वेग लागतो तरी किती?

सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट होतात, म्हणजे दीड मेगाबिटपेक्षाही कमी. फ्लॅक या प्रकारात तीच माहिती काहीही न गमावता साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश जागेत बसते. ॲपवरचा '३२० किलोबिट'चा दर्जा तर याहून कितीतरी हलका. बाजारात सहसा मिळणाऱ्या फाइलींपैकी अगदी जड, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झची घेतली, तरी न दाबता तिला सव्वानऊ मेगाबिट पुरतात.

आता तुमच्या प्लॅनवरचा आकडा बघा. पन्नास, शंभर, दोनशे. गाण्याला त्यातला कोपराही लागत नाही. म्हणून गाणं अडतंय म्हणून प्लॅन वाढवू नका. मी वाढवला, ते पैसे वाया गेले.

मग अडतं कुठे?

घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. नगरपालिकेचं पाणी दिवसातून दोन तास येतं, तरी मोरीतला नळ दिवसभर चालतो, कारण मध्ये टाकी आहे. स्ट्रीमरमध्ये अशीच टाकी असते, तिला बफर म्हणतात. पुढची काही सेकंदं तो आधीच भरून ठेवतो आणि वाजवतो ते टाकीतलं. पुरवठा क्षणभर अडला तर कळतही नाही. टाकी रिकामी होईपर्यंत अडला, की आवाज बंद.

वायफायवर पुरवठा अडायची कारणं भरपूर. वायफाय ही सामाईक हवा आहे. एका वाहिनीवर (चॅनेलवर) एका वेळी एकानेच बोलायचं असा तिचा नियम, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात तुमचे फोन आणि टीव्ही आले, आणि भिंतीपलीकडचे शेजारीही आले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथ आहे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण तिथेच चालतो. दोघे एकदम बोलले की संदेश फुकट जातो आणि पुन्हा पाठवावा लागतो.

एक गंमतीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपण आज ज्याला वायरचं नेटवर्क म्हणतो, त्या इथरनेटची कल्पना बिनतारी जाळ्यावरून सुचली. हवाईच्या बेटांना रेडिओने जोडणारं अलोहानेट १९७१ मध्ये सुरू झालं, आणि त्याचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेट मांडलं. सुरुवातीच्या इथरनेटमध्येही सगळे एकाच वायरवर पाळीपाळीने बोलत, आजच्या वायफायसारखे. पुढे स्विच (ज्याचा संदेश त्यालाच पोहोचवणारा, अनेक वायरी जोडायचा डबा) आला, आणि प्रत्येक यंत्राला जायला एक आणि यायला एक अशी स्वतःची वाट मिळाली. वायरचं आणि वायफायचं खरं अंतर तिथे पडलं. वायरवर कोणाची वाट बघायची नसते.

पहिली पायरी: कागदावर घर काढा

राउटर कुठे, गाण्याचं यंत्र कुठे, मधल्या भिंती कशाच्या, हे काढा. लाकडी दार किंवा पातळ पार्टिशन लहरींना फारसं अडवत नाही. विटेची भिंत अडवते, सळ्या असलेलं काँक्रीट त्याहून जास्त. आरशाचं कपाट, लोखंडी गोदरेजचं कपाट, भरलेली पाण्याची टाकी, फ्रिज, हे सगळे मोठे अडथळे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिरेबंदी घरांचं दुखणं वेगळं: भिंत जाड, चिरा सच्छिद्र, आणि पावसाळ्यात तो पाणी पितो. पाणी या लहरी शोषतं. आमच्याकडे उन्हाळ्यात कसंबसं चालणारं गाणं जुलैत दर दहा मिनिटांनी अडायचं, त्याचा उलगडा मला भिंतीला हात लावल्यावर झाला.

मग मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि स्ट्रीमरच्या अगदी शेजारी फोन धरा. आकडा उणे येतो. उणे ५० च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत गाण्याला निर्धास्त, उणे ७५ च्या खाली गेला की त्रास ठरलेला. ही मोजणी दुपारी दोनला करू नका. रात्री नऊला करा, जेव्हा अख्ख्या इमारतीचे टीव्ही चालू असतात.

लॅपटॉप असेल तर स्ट्रीमरच्या जागेवर बसून राउटरला पाच-दहा मिनिटं सतत पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. त्यासाठी लागणारा राउटरचा पत्ता बहुधा त्याच्या खालच्या चिकटपट्टीवर असतो. उत्तरं दोन-पाच मिलिसेकंदांत येत असतील तर वायफाय निरोगी आहे. मध्येच तीनशे, आठशे, 'टाइम आउट' असं दिसत असेल तर दोष घरातल्या हवेत आहे. राउटरपर्यंतचं पिंग स्वच्छ असूनही गाणं अडत असेल तर दोष घराबाहेर आहे, आणि तिथे तुमची वायर काही करू शकत नाही. ही एक चाचणी केली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती.

दुसरी पायरी: फुकट होण्यासारखं आधी करा

राउटर जमिनीवर किंवा टीव्हीमागे असेल तर वर, मोकळ्यावर आणा. फायबरवाल्याने दारापाशी बसवला म्हणून तो तिथेच राहिला पाहिजे असं नाही. आतली फायबर वाढवून देणं त्यांचं रोजचं काम आहे, विचारा.

राउटरमध्ये दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून लांब जातो पण तिथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो पण भिंतीपाशी दमतो. दोन्हींना वेगळी नावं द्या आणि स्ट्रीमर एकाच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर त्याला ५ वर बांधून टाका. २.४ वापरावाच लागला तर वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकी जी मोकळी असेल ती निवडा. एकमेकींवर न चढणाऱ्या या तीनच आहेत.

आणि गाण्यांची हार्ड डिस्क राउटरच्या शेजारी यूएसबी ३ ने जोडली असेल तर ती हातभर लांब ठेवा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात शिरतो.

एवढं करून आठवडाभर ऐका. न अडता चालत असेल तर इथेच थांबा. वायफाय वाईट नाही. स्वयंपाकघरातला स्पीकर, गॅलरीत नेता येणारा स्पीकर, यांना वायर लावणं म्हणजे त्यांचा उपयोगच घालवणं. माझा ठोकताळा साधा आहे: जे यंत्र जागचं हलत नाही आणि ज्यावर तुम्ही मन लावून बसून ऐकता, त्याला वायर.

घरी गाण्यांचा स्वतःचा साठा असेल तर एक गोष्ट लगेच करा. आमच्याकडे वडिलांनी जमवलेल्या मैफलींच्या कॅसेट आहेत. त्या संगणकात उतरवून एका हार्ड डिस्कवर ठेवल्या आहेत. असा साठा ठेवलेला संगणक वायफायवर आणि स्ट्रीमरही वायफायवर असेल, तर प्रत्येक गाणं हवेतून दोनदा जातं: साठ्याकडून राउटरकडे, राउटरकडून स्ट्रीमरकडे. साठा राउटरशेजारी ठेवा आणि एका हाताच्या वायरने जोडा. स्ट्रीमर वायफायवरच राहिला तरी हवेवरचा भार निम्मा होतो.

तिसरी पायरी: वायर

दुकानात 'कॅट सिक्स' प्रतीची नेटवर्कची (लॅन) वायर मागा. 'कॅट फाइव्ह ई' असली तरी चालेल. दोन्ही १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेतात आणि घरात तेवढं अंतर नसतं. कॅट सेव्हन, कॅट एट, सोन्याचा मुलामा, वेणीचं कापड, यांवर पैसे घालू नका.

एका बाबतीत मात्र कंजुषी नको. वायर पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्तातली बरीच वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा थर दिलेली असते, खोक्यावर ते बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. ओळखायचं सोपं आहे: आतल्या एका तारेवर ब्लेड घासा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. ती हाताला हलकी लागते, वळणावर मोडते, आणि भिंतीत गेल्यावर मोडली तर शोधणार कुठे?

नेण्याची वाट शोधताना आधी जुने पाइप बघा. लँडलाइनच्या काळात बांधलेल्या बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलपासून बेडरूमपर्यंत टेलिफोनचा पाइप भिंतीत असतो, आणि त्यात मेलेली वायर पडून असते. तीच वायर ओढायला वापरा. तिच्या टोकाला नवी लॅन वायर आणि सोबत एक नायलॉनची दोरी घट्ट बांधा, सांध्यावर टेप गुंडाळा, एकाने इकडून सोडायचं, दुसऱ्याने तिकडून ओढायचं. अडलं तर झटका देऊ नका, मागे घेऊन पुन्हा लावा. दोरी आतच राहू द्या, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. डिशच्या वायरचा पाइपही असाच चालतो. विजेच्या पाइपमध्ये मात्र ही वायर घालू नका, इलेक्ट्रिशियन म्हणाला तरी नको. तिथे प्रश्न आवाजाचा नाही, जिवाचा आहे. विजेची वायर ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

पाइप नसेल तर भिंतीच्या तळाशी पट्टी फिटिंग करून घ्या. आमच्या चिऱ्यांत झिरी पाडणं मला पटेना, म्हणून वायर माळ्यावरून तुळईच्या कडेने नेली. खाली कुठेच दिसत नाही. वळण काटकोनात दाबून मोडू नका, वायरच्या जाडीच्या किमान चौपट त्रिज्येची गोलाई राहू द्या. घराबाहेरून नेत असाल तर उन्हापावसात टिकणारी काळ्या वेष्टनाची वायर घ्या. घरातली करडी वायर उन्हात काही वर्षांतच तडकते.

टोकाला कनेक्टर बसवायला आठ तारांचा क्रम लागतो. दोन्ही टोकांना हाच ठेवा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत ठेवा, अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका. हे जमणार नसेल तर इंटरनेटवाल्या मुलाला दोन टोकांचे पैसे द्या, पण जाण्याआधी टेस्टर लावून आठही दिवे दाखवायला सांगा. एखादी तार नीट न बसल्यामुळे जोडणी एक गिगाबिटऐवजी शंभर मेगाबिटवर आली, तर घाबरू नका: शंभरला चारच तारा लागतात आणि गाण्याला त्याचा दहावा भागही लागत नाही. सवड मिळेल तेव्हा टोक बदला.

एकाच ठिकाणी टीव्ही, स्ट्रीमर आणि साठा असेल तर पाच पोर्टचा साधा स्विच बसवा. त्यात सेटिंग काहीच नसतं, जोडला की चालतो.

चौथी पायरी: जोडल्यावरची सेटिंग

वायर लावली तरी काही स्ट्रीमर वायफायवरच चिकटून बसतात. सेटिंगमध्ये जाऊन वायफाय बंद करा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा, म्हणजे वीज गेल्यानंतर ॲपला स्ट्रीमर सापडत नाही ही तक्रार बरीच कमी होते.

ॲपमध्ये स्पीकर दिसतच नाही, याचं सगळ्यात सामान्य कारण वेगळं आहे: घरात दोन राउटर. फायबरवाल्याचा एक आणि तुम्ही आणलेला दुसरा. दुसऱ्याने स्वतःचं वेगळं जाळं थाटलेलं असतं, फोन एका जाळ्यात आणि स्पीकर दुसऱ्यात. दोघांनाही इंटरनेट मिळतं, म्हणून दोष लक्षात येत नाही. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं जाळं न थाटता पहिल्याचंच पुढे नेतो, प्रश्न मिटतो. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर स्पीकर जोडला असेल तरी हेच होतं.

वायर शक्यच नसेल तर

भाड्याचं घर असेल, मालक खिळाही मारू देत नसेल. मेश (एकाच वायफायचे घरभर ठेवायचे दोन-तीन डबे) घेणार असाल तर दुसरा डबा गाण्याच्या खोलीत ठेवू नका. राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा. डब्याला मागे लॅन पोर्ट असेल तर स्ट्रीमर त्याला वायरने जोडा: यंत्रातल्या इवल्याशा अँटेनापेक्षा डब्याचा अँटेना बहुधा दमदार असतो.

विजेच्या तारांतून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असतील तर चालण्याची आशा जास्त. एक इन्व्हर्टरवर आणि एक थेट असेल तर कमी. स्पाइक गार्डात लावले तर बिघडतात, थेट भिंतीत लावा. परत करता येतील अशा ठिकाणाहूनच घ्या.

वायरने आवाज सुधारतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर मी मनापासून देतो: गाणं पूर्ण येत असेल तर नाही. पाठवलेला प्रत्येक तुकडा पोहोचला की नाही हे तपासलं जातं, हरवलेला पुन्हा मागवला जातो. टाकीतलं पाणी कुठल्या वाटेने आलं याचा नळाच्या धारेशी संबंध नसतो, तसंच इथे. आवाज बनवताना वेळ मोजतं ते डॅकमधलं (आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागातलं) घड्याळ, आणि ते टाकीनंतर, नळाच्या बाजूला आहे. वायफायवरून न अडता आलेला तानपुरा आणि वायरवरून आलेला तानपुरा बिट-बिट एकच असतो.

वायर लावल्यावर घुं असा आवाज यायला लागला तर मात्र खरा दोष आहे. साध्या जोडणीत दोन्ही टोकांना विजेचा संबंध तोडणारे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. धातूचं आवरण असलेली वायर वापरली तर त्या आवरणातून दोन यंत्रांच्या अर्थिंगची गाठ पडू शकते. घरात बिनआवरणाची साधी वायर घ्या. हजारो रुपयांच्या लॅन केबलीचे पैसे स्पीकरवर खर्च करा. तो फरक तुम्हाला पहिल्या सुरात ऐकू येईल.

वीज

वीज गेली तर वायर काय आणि वायफाय काय. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढाच घ्या, कारण बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात पण स्विच ५ किंवा ९ वरही असतो. दोन इमारतींमध्ये, घरापासून अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत, उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नका. तिथे फायबर टाका, काचेतून वीज जात नाही. वळवाच्या पावसात ढग वाजायला लागले की मी राउटरचा आणि स्ट्रीमरचा प्लग काढतो, लॅनची वायरही काढतो.

सगळं झाल्यावर एकदा परीक्षा घ्या. रात्री नऊला, तासाभराचं एक रेकॉर्डिंग लावा. घरच्यांना सांगा, टीव्ही चालू ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवा, व्हिडिओ कॉल करा, हवं ते करा. तुम्ही मात्र आलापापासून द्रुत संपेपर्यंत जागेवरून उठू नका.